बंद बोगद्यातले ठोके

दिवे गेले आणि इतका वेळ चाललेली कुजबुज एकदम बंद झाली. डोंगराच्या पोटातला तो खाणीचा बोगदा. वर ओला कातळ, खाली जुने रूळ, आणि रुळांवर दाटीवाटीनं उभं असलेलं अर्धं गाव. शेजारणीचा श्वास ऐकू येत होता, छतातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मग अंधारातून महाराजांचा आवाज आला, मधात बुडवून काढल्यासारखा.

"खाली गेलेला माणूस मरत नाही, मंडळी. तो फक्त पाळी बदलतो. आपली दिवसपाळी, त्याची रात्रपाळी. विचारा, तो ऐकतोय."

"थंडी वाजते का रे तिथं?" एका म्हातारीनं विचारलं. तिचा धाकटा मुलगा इथेच गेला होता.

महाराज खाकरले. आणि समोरच्या गजांच्या दारापलीकडून, दरड कोसळल्यापासून जिथे कुणी पाऊल टाकलेलं नाही त्या बंद बोगद्यातून, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. ठण्ण. ठण्ण.

"एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. वाजत नाही थंडी, आई," महाराज म्हणाले. म्हातारी रडायला लागली, आणि तिच्याबरोबर आणखी चारदोन जण.

मी दातांची डॉक्टर आहे. माणसं तोंडावर खोटं बोलतात, यावरच माझा दवाखाना चालतो. "रोज दोनदा घासतो, डॉक्टर" असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या तोंडात मी गेली कित्येक वर्षं बॅटरी मारून बघत आलेय. त्यामुळे कुणी मधाळ बोलायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. पण खोटं कशाला सांगू, त्या ठोक्यांसरशी मीही गजांच्या दाराकडे कान लावला.

त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी याच बोगद्यात दरड कोसळली आणि माझा दादा आत राहिला. खाणीच्या गावात आत अडकलेला माणूस ठोके देतो. ठोका आला की समजायचं, जीव आहे, खणत राहा. तेव्हा सगळं गाव इथे भिंतीला कान लावून बसलं होतं, मी पण. दिवसरात्र बसलो. ठोका काही आला नाही. शेवटी शोध थांबवला, बोगद्याला गजांचं दार लावलं, वर्षभरात खाणही बंद झाली आणि तिचं संग्रहालय झालं. दादाला आम्ही शेवटचं बघितलंसुद्धा नाही. या गावाला फसवायचं तर दुसरं काही करायची गरजच नव्हती. इथून नुसता एक ठोका ऐकू आला असता तरी पुरे होतं.

आणि आज पहिल्या खुर्चीवर माझी वहिनी बसली होती, मांडीवर नऊ वर्षांच्या चिमीला घेऊन.

"अहो," वहिनी अंधारात म्हणाल्या. नवऱ्याशी त्या असंच बोलायच्या, आणि अजूनही तसंच बोलत होत्या. "चिमीच्या हृदयाला भोक आहे, तुम्हाला माहितीये. आता जिना चढतानाही धाप लागते तिला. शहरातल्या हॉस्पिटलनं पुढच्या आठवड्याची तारीख दिलीय. ऑपरेशन करू ना?"

महाराज खाकरले.

ठण्ण. ठण्ण.

"नाही म्हणतोय," महाराज हळुवारपणे म्हणाले. "लेकरावर सुरी चालवू नका म्हणतोय. बापाचं काळीज आहे, ताई."

दिवे लागले. महाराज गजांच्या दाराशेजारी, कातळात खोदलेल्या बैठकीवर डोळे मिटून बसले होते. डोक्यावर खाणकामगाराचं शिरस्त्राण, अंगात पायापर्यंत काळा डगला. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस या संग्रहालयात गाइड होता. पर्यटकांना पाठ केलेली माहिती धडाधडा म्हणून दाखवायचा आणि मग खरा अंधार कसा असतो ते कळावं म्हणून मिनिटभर दिवे घालवायचा. एकदा त्या मिनिटभरात आतून ठोका आला म्हणे. त्या दिवसापासून गाइडचे महाराज झाले. आम्ही काही जण त्यांना ठोके महाराज म्हणायचो, पण खासगीत.

बाहेर आल्यावर मी वहिनींना गाठलं. "वहिनी, शहरातल्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलात का? उशीर झाला तर फुप्फुसं कायमची बिघडतील. मग ऑपरेशनही करता येणार नाही."

"वन्सं, तुम्ही दातांच्या डॉक्टर."

"दातांची का होईना, डॉक्टर आहे ना? आणि दादानं आयुष्यभर खाणीत काम केलं. खाली-वर नेणाऱ्या त्या पिंजऱ्याला खूण कशी द्यायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. एक ठोका म्हणजे काय?"

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्या खाणकामगाराचीच मुलगी. आमच्याकडे घरातही कुणी दारावर एकदाच टकटक केली तर चालता माणूस जागीच उभा राहायचा.

"मग तो आता एक ठोका देऊन 'हो' का म्हणतो? दादा विसरला का सगळं?"

वहिनी क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "महाराज म्हणतात, तिकडे गेल्यावर खुणा बदलतात."

महाराज बाहेरगावचे, त्यांना खाणीच्या खुणा माहीत असायचं कारण नाही. त्यांची चूक झाली, आणि आमच्या गावानं ती त्यांच्या वतीनं दुरुस्त करून टाकली. बुडालेली बुद्धी अशीच असते, स्वतःच स्वतःचं डोकं पाण्याखाली धरते.

वहिनी पुढे गेल्या. चिमी माझं बोट धरून मागे राहिली. चढावर दर थोड्या अंतरानं ती थांबायची, बुटाची लेस बघतेय असं दाखवायची आणि श्वास घ्यायची. लेस सुटलेली नव्हती.

"आत्या," ती म्हणाली, "पप्पांना मी बरी व्हायला नकोय का?"

मी तिला उचलून कडेवर घेतलं. नऊ वर्षांची मुलगी, आणि वजन पाच वर्षांच्या मुलीइतकं. महाराजांचा मला राग होताच, पण त्या चढावर तो माझ्या हातापायांत उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद ठेवून मी संग्रहालयाचं तिकीट काढलं. गावातली माणसं कधी संग्रहालय बघत नाहीत. आपल्याच घरातल्या वस्तू काचेआड बघायच्या, त्यात काय मजा? मी मात्र त्या दिवशी एकेक काच निरखून बघितली. कामगारांचे दिवे, पहारी, पत्र्याचे डबे, हजेरीचे पितळी बिल्ले. प्रत्येक वस्तूकडे मी संशयानं बघत होते, तिथला पहारेकरी माझ्याकडे.

मधल्या दालनात खाणीची लाकडी प्रतिकृती आहे, उभी कापल्यासारखी, आतले सगळे बोगदे दिसावेत म्हणून. दादा गेला तो बोगदा मी शोधला. त्याच्या भिंतीवरून एक बारीक काळा दोरा नेला होता, आणि आत टोकाला काडेपेटीतल्या काडीएवढी हातोडी लावली होती. खाली पाटी होती: खुणेची तार. टेलिफोन येण्याआधी आतल्या कामगारांना बाहेर बोलवायचं असलं की तोंडाशी ही तार ओढत, आत हातोडा लोखंडी पत्र्यावर आपटे.

ती पाटी मी पुनःपुन्हा वाचली. टेलिफोन आला माझ्या आजोबांच्या काळात. त्यानंतर ती तार वापरलेला एकही माणूस गावात जिवंत नव्हता. दादाच्या तोंडून तिचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं. पण पर्यटकांना रोज हीच माहिती सांगणाऱ्या माणसाला ती नक्कीच तोंडपाठ असणार. दरड त्या आतल्या हातोड्यापर्यंत पोचली नसणार, म्हणून तो अजून वाजत होता.

तिथून मी खाली बोगद्यात गेले. महाराज आता दुपारी फिरकत नसत, पर्यटकांना कानाला लावायची यंत्रं देऊन सोडलेलं असे. महाराजांच्या बैठकीवर पाटी होती, 'या आसनावर बसू नये'. मी बसले. दगड गार होता, बाकी काही झालं नाही. मग पाठीमागे हात घालून चाचपलं.

भिंतीत खुंटीएवढ्या उंचीवर लोखंडी कड्या होत्या, एकीपुढे एक, गजांच्या दारातून आत गेलेल्या. त्यांतून तार ओवलेली. तिचं टोक बैठकीमागच्या खाचेत, फास करून ठेवलेलं. त्या बोगद्यातलं सगळं लोखंड गंजून तांबडं झालंय, रूळ, खिळे, गज, सगळं. कड्या मात्र आतून चकचकीत होत्या. बोट लावलं तर बोटाला ग्रीस लागलं. आत्म्याला ग्रीस कशाला लागतं, ते महाराजच जाणोत.

तिथल्या तिथे तार ओढावी असं फार वाटलं. पण मग काय? मी घरी जाऊन वहिनींना सांगितलं असतं आणि वहिनी म्हणाल्या असत्या, वन्सं, तुमचा विश्वासच नाही. संग्रहालयाच्या साहेबांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तार गायब झाली असती. साहेब स्वतः महाराजांच्या सभेला दिव्याच्या बटणापाशी उभे राहत. जे व्हायचं ते सगळ्यांसमोर व्हायला हवं होतं, आणि आठवडा संपायच्या आत.

माझ्या पर्समध्ये दवाखान्यातलं काहीबाही असतंच. दाताला टोपी किंवा कवळी बसवली की ती कुठे जास्त टेकते ते बघायला आम्ही एक निळा कागद रुग्णाला चावायला देतो. जिथे टेकतं तिथे निळा डाग उमटतो. अतिशय चिकट निळा. माझे स्वतःचे कितीतरी डगले त्यानं खराब झालेत. मी तो कागद तारेच्या फासाला चोळला. ग्रीसमध्ये निळा रंग छान मिसळला. पुरेसा लागला अशी खात्री होईपर्यंत चोळत राहिले, मग रुमालानं माझे हात पुसले आणि तोंड वासून पाटीकडे बघत एखाद्या पर्यटकासारखी बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी महाराजांची सभा होती. वहिनींना मी म्हणाले, "आणखी एकदा विचारा. मी पण येते. परत नाही म्हणाला तर मी गप्प बसेन."

वहिनींनी माझ्याकडे संशयानं बघितलं. आमच्या घराण्यात तो गुण लग्न करून आलेल्यांनाही लागतो.

पुन्हा तोच बोगदा, तीच गर्दी. माझ्या एका बाजूला निवृत्त पोस्टमास्तर होते, महाराजांचे परमभक्त आणि माझे जुने रुग्ण. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा?" त्यांना फार आनंद झाला. "मला वाटलंच होतं, एक दिवस तुम्ही येणार."

दिवे गेले. महाराजांनी पाळी बदलण्याचं सगळं पुन्हा ऐकवलं. आत्म्यांना उजेड सोसत नाही, हेही सांगितलं. आयुष्यभर कपाळावर दिवा बांधून काम केलेल्या माणसांना मेल्यावर एकदम उजेड का सोसेना, हे विचारायचं मी कसंबसं टाळलं.

वहिनींनी विचारलं. "अहो, नीट सांगा. माझी एकच मुलगी आहे."

खाकरणं. ठण्ण. ठण्ण.

"ताई, किती वेळा छळणार त्याला?" महाराज म्हणाले. "आणा ते लेकरू इकडे. बापाचा आशीर्वाद माझ्या हातून देतो." अंधारात चिमीची चप्पल वाजली. "झालं. या हातांखाली आहेस तोवर तुला काही होणार नाही."

त्यांना चिमी बरी व्हायला नको होती असं मी म्हणणार नाही. पण त्या दोघी शहरात गेल्या असत्या तर पहिली खुर्ची रिकामी झाली असती. लांबून माणसं येत ती मेलेल्या नवऱ्याशी बोलणारी बाई बघायलाच. आणि चिमी हॉस्पिटलात बरी झाली असती तर श्रेय सर्जनला गेलं असतं.

दिवे लागले. चिमी आमच्याकडे वळली आणि वहिनींनी रुमाल काढला.

"हे काय लागलंय कपाळाला?"

कपाळावर चार बोटं आणि अंगठा, निळेशार. एका गालावरही थोडं. वहिनींनी पुसलं तर ते आणखी पसरलं.

"महाराज," मी म्हणाले, "जरा हात दाखवता का?"

महाराजांनी मूठ मिटली. पण मिटलेल्या मुठीची बाहेरची बाजूही निळी होती, आणि डगल्याची बाही, आणि बोटांनी सावरलेल्या शिरस्त्राणाची कड. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. क्षणभर चेहरा पडला, पण माणूस मुरलेला होता.

"ही खूण आहे," ते हळूच म्हणाले. "आत्म्यानं स्पर्श केला की अशी निळी आभा उमटते. आज पहिल्यांदा घडलं. भाग्यवान आहात सगळे."

आणि काय सांगू, गर्दीतून "वा" असा आवाज आला. पोस्टमास्तरांनी तर डोळे मिटले. मी पर्समधून निळ्या कागदाची पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"ओळखता का हे?"

पोस्टमास्तरांनी चष्मा सारखा केला. "हा तर तुम्ही कवळी बसवताना चावायला दिलेला कागद."

"चोळा बोटावर."

त्यांनी चोळला. बोटाकडे बघितलं, मग चिमीच्या कपाळाकडे, मग महाराजांकडे. त्यांनी कवळी आत ढकलली आणि पट्टी शेजारच्याच्या हातात दिली.

"हा रंग आज दुपारी मी या बैठकीमागच्या तारेला लावला होता," मी म्हणाले. पुढे झाले, पाटी बाजूला ठेवली आणि महाराजांच्या शेजारी हात घालून तार ओढली. उजेडात, सगळ्यांसमोर.

ठण्ण.

मी कड्या दाखवल्या, ग्रीस दाखवलं, वरच्या दालनातल्या प्रतिकृतीतला काळा दोरा आठवून बघा म्हटलं. माणसं भिंतीजवळ येऊन तार गजांपलीकडे कुठवर गेलीय ते बघायला लागली. साहेब बटणापाशी उभे राहून म्हणाले, "आम्ही लोकांच्या श्रद्धेच्या आड येत नाही."

"नाही, तुम्ही फक्त दिवे घालवता," मी म्हणाले.

महाराज उठून उभे राहिले. "तार मी ओढतो हे खरं आहे," ते म्हणाले, आणि आवाजातला मध अजून आटला नव्हता. "पण ओढायला लावतो तो. मी नुसतं साधन आहे. श्रद्धा असेल त्याला समजेल."

दोनतीन माना हलल्या. आता यावर काय पुरावा देणार?

वहिनी पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातून तार घेतली, स्वतः ओढली. आतून ठोका आला. पुन्हा ओढली. पुन्हा आला. दोन वर्षं त्या ज्याला नवरा समजून बोलत होत्या, दिवसभरातलं सगळं सांगत होत्या, तो आवाज त्यांच्या हाताच्या ओढीनं येत होता. त्या क्षणी मला वाटलं, कशाला केलं मी हे. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"हा ठोका मी दिला," वहिनी म्हणाल्या. "तो माझ्याकडून काहीच बोलला नाही. मग तुमच्याकडून कसा बोलतो?"

"ताई, त्यासाठी साधना—"

"माझ्या मुलीला नाही कोण म्हणालं?"

महाराजांनी निळी बाही लपवायला डगला उतरवला आणि बैठकीवर टाकला.

"तिचे बाबा म्हणाले की तुम्ही म्हणालात? एवढंच सांगा. हो की नाही."

महाराजांचे ओठ हलले, पण खाकरायलाही जमलं नाही. ज्या म्हातारीला मुलाला थंडी वाजत नसल्याचं कळलं होतं ती भिंतीला धरून खाली बसली. तिच्याजवळ जायला आधी कुणाला सुचेना, मग सगळेच गेले. त्या गडबडीत महाराज बाहेर पडले. डगला तिथेच बैठकीवर राहिला.

घरी आल्यावर वहिनींनी आधी पाणी तापवलं. चिमीचं कपाळ साबणानं घासताना म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही बरोबर केलंत. पण आज मला तो दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटतोय." मी म्हणाले, मलाही. दोघी रडलो. मग त्यांनी विचारलं, "आता मी कुणाला विचारू?"

"जिवंत माणसाला विचारा," मी म्हणाले. "ज्याला उलटा प्रश्न विचारता येतो त्याला. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. दिवा लावून बसा आणि समाधान होईपर्यंत विचारत राहा. जो चिडेल त्याच्यावर संशय घ्या."

वहिनींनी ते मनावर घेतलं. ठरलेल्या तारखेला शहरातल्या सर्जनसमोर बसून त्यांनी त्या भल्या माणसाला घाम फोडला. अशी किती ऑपरेशनं केलीत? किती मुलं दगावली? का दगावली? भोक बुजवायला जे लावता ते झिजतं का? नाही केलं तर काय? आणखी वर्षभर थांबलो तर काय? सर्जननं कागदावर हृदय काढून दाखवलं. वहिनींनी ते पुन्हा काढायला लावलं. शेवटचा प्रश्न त्यांनी फार हळू विचारला.

"माझी मुलगी नक्की वाचेल ना?"

मी खुर्चीत अवघडले. हो म्हणून टाका, असं मनातल्या मनात सर्जनला सांगत होते.

"नक्की असं मला सांगता येणार नाही," सर्जन म्हणाले. "बहुतेक मुलं छान बरी होतात. पण धोका थोडा तरी असतोच. तिच्या बाबतीत काय होईल ते मला आज माहीत नाही."

वहिनींनी हृदयाचा तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

"वन्सं, दोन वर्षांत तो माणूस एकदाही मला माहीत नाही असं म्हणाला नाही." त्यांनी सर्जनपुढचं संमतीपत्र आपल्याकडे ओढलं. "कुठे सही करायची, डॉक्टर?"